वाड्याचे दार आणि विरोधाचे आकर्षण : 'स्वामी' व 'राऊ' यांचे सरहद्दीवरून वाचन

१

परस्परविरोधी स्वभावाची दोन माणसे एकमेकांकडे ओढली जातात, हा प्रेमकथेचा जुना आकृतिबंध आहे. इंग्रजीतील उमराववर्गाच्या प्रणयकथेने तो पक्का केला. जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) ही तिच्या स्वतःच्या काळाची कादंबरी. पुढे जॉर्जेट हेयरने 'रीजन्सी बक' (१९३५) सारख्या कादंबऱ्यांतून त्याच काळाला ऐतिहासिक प्रणयकथेचे रूप दिले. या परंपरेत नायक-नायिका आधी भांडतात, एकमेकांविषयी चुकीची मते बाळगतात आणि अखेरीस विवाहबद्ध होतात. हा आकृतिबंध तीन अटींवर उभा असतो. विवाहापूर्वी स्त्री-पुरुषांची भेट शक्य असली पाहिजे. स्त्रीला नकार देण्याचा अधिकार असला पाहिजे. आणि दोघांमधला विरोध स्वभावाचा असावा, धर्माचा किंवा जातीचा नसावा. तिसरी अट सहसा उच्चारली जात नाही. पण विवाहाने विरोधाचे विसर्जन होते ते तिच्याच बळावर.

पेशवेकालीन उच्चवर्णीय कुटुंबात या तिन्ही अटींचा अभाव होता. थोरले माधवराव यांचा विवाह १७५३ साली झाला, तेव्हा त्यांना नऊ वर्षेही पुरी झाली नव्हती. जेथे विवाह बालपणीच उरकला जातो तेथे आकर्षण ही विवाहाआधीची घटना असू शकत नाही. म्हणून पेशवाईवर प्रेमकथा लिहू पाहणाऱ्या मराठी कादंबरीकारापुढे दोनच वाटा उरतात : विवाहानंतर उमलणारे प्रेम किंवा विवाहाबाहेरचे प्रेम. रणजित देसाई यांच्या 'स्वामी'ने (१९६२) पहिली वाट घेतली, ना. सं. इनामदार यांच्या 'राऊ'ने (१९७२) दुसरी. या दोन कादंबऱ्यांची लोकप्रियता वादातीत आहे. त्यांतील इतिहास कितपत खरा, याचीही चर्चा पुष्कळ झाली आहे. विरोधाच्या आकर्षणाचा आकृतिबंध मराठी वाड्यात शिरल्यावर त्याचे काय होते, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत मागे राहिला. प्रस्तुत विवेचन त्या प्रश्नापुरते आहे.

२

'स्वामी'तील माधवराव-रमाबाई हे विरोधी जोडपे नव्हे. दोघांचे कुळ, संस्कार आणि देवघर एकाच जातीचे आहे. येथे विरोध आहे तो राज्यकर्तव्य आणि संसार यांच्यामध्ये : घरातील काकांची महत्त्वाकांक्षा, दौलतीचे कर्ज, हैदर आणि निजाम यांच्यावरील मोहिमा, आणि पुढे क्षय. पतीला राज्य पत्नीपासून दूर नेते आणि आजारपण परत आणते. थेऊरला १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवरावांचा मृत्यू झाला आणि रमाबाई सती गेल्या. इतिहासानेच दिलेल्या या शेवटामुळे प्रेमकथेला मंगल विवाहाऐवजी चितेवरचे ऐक्य मिळाले.

या प्रेमाची भाषा लक्षात घेण्याजोगी आहे. वाड्यातील पत्नी पतीचे नाव घेत नाही. 'स्वारी', 'इकडून' अशा शब्दांनी ती त्याचा निर्देश करते. समोर उभ्या असलेल्या माणसाशी जणू तो तेथे नसल्यासारखे बोलावे, अशी ही रीत आहे. 'स्वामी'च्या गोडव्याचा मोठा भाग या आडवळणाच्या भाषेत आहे आणि वाचकांनी त्यावर मनापासून प्रेम केले. परंतु या भाषेत भांडता येत नाही. द्वितीय पुरुषात उभे राहून 'तुम्ही चुकता' असे म्हणण्याची सोय तिने ठेवलेली नाही. इंग्रजी प्रणयकथेतील नायिका वादातून घडते, तर येथील नायिका संयमातून घडते. 'स्वामी'त ही गोष्ट उणीव ठरत नाही, कारण कादंबरीचा विषयच निष्ठा हा आहे. विषय बदलला की मात्र तीच रीत अपुरी पडू लागते.

३

'राऊ'त विषय बदलला आहे. परंपरेने छत्रसालाची कन्या मानली गेलेली मस्तानी १७२९ च्या बुंदेलखंडातील मोहिमेनंतर थोरल्या बाजीरावांच्या जीवनात आली. तिचा धर्म वेगळा, बोली वेगळी, कला वेगळी. १७३० ते १७३२ या काळात उभ्या राहिलेल्या शनिवारवाड्यात तिच्या नावाने ओळखला जाणारा दरवाजा होता. पुढे त्याला अलीबहाद्दर दरवाजा असेही नाव पडले. वाड्यातल्या वाड्यात वेगळे दार, ही वस्तुस्थिती कोणत्याही रूपकापेक्षा बोलकी आहे. १७४० च्या आरंभी वाड्यात मुंज आणि लग्न अशी मंगलकार्ये होती आणि धर्मकार्याच्या प्रश्नावरून पुण्याचा ब्रह्मवृंद अडून बसला होता. बाजीराव मोहिमेवर गेले असता मस्तानीला पुण्यात नजरकैदेत ठेवण्यात आले. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीरावांचा अंत झाला. मस्तानीही फार काळ जगली नाही. तिची कबर पाबळला आहे.

या सामग्रीत विरोधाचे आकर्षण खऱ्या अर्थाने आहे, आणि इनामदारांनी तिला दिलेली प्रतिष्ठा कमी लेखता येणार नाही. लोकसमजुतीने मस्तानीला मोहिनी ठरवले होते. बाजीरावांच्या मद्यमांसाचा दोष तिच्या पदरी घातला होता. खाल्लेल्या विड्याचा रंग तिच्या गळ्यातून दिसे, ही आख्यायिका अजून सांगितली जाते. या आख्यायिकेत तिचे शरीर पारदर्शक आहे. तिचे मन मात्र कोणी पाहिलेले नाही. 'राऊ'ने तिला कुजबुजीतून बाहेर काढले, तिच्या प्रेमाला निष्ठेचा दर्जा दिला आणि त्याच वेळी काशीबाईंना खलनायिका होऊ दिले नाही. एका घरातील दोन स्त्रियांपैकी एकीला काळे केल्याशिवाय दुसरी उजळत नाही, हा स्वस्त प्रणयकथेचा नियम इनामदारांनी मोडला.

तरीही विरोध नेमका कोणामध्ये आहे, हे तपासावे लागते. बाजीराव आणि मस्तानी यांच्यामध्ये तो जवळजवळ नाही. विरोध आहे तो या दोघांमध्ये आणि वाड्यामध्ये : राधाबाई, चिमाजीअप्पा, नानासाहेब आणि ब्रह्मवृंद एका बाजूला, प्रेमी युगुल दुसऱ्या बाजूला. कादंबरीचे शीर्षकही याच दिशेने बोलते. 'राऊ' हे घरच्या माणसांनी घ्यायचे नाव आहे. ते शीर्षक होताच कादंबरीचा दृष्टिकोन घराच्या आत स्थिर होतो. प्रश्न 'घराचा लाडका राऊ घरापासून का तुटला' असा होतो आणि मस्तानी ही त्या तुटण्याचे कारण ठरते. कारणाला सहानुभूती मिळू शकते, पण कारण कर्ता होत नाही.

जॉर्ज ल्युकाचने 'द हिस्टॉरिकल नॉव्हेल' या ग्रंथात स्कॉटच्या कादंबरीचे मर्म सांगताना मध्यम योग्यतेच्या नायकाकडे लक्ष वेधले आहे. असा नायक दोन्ही पक्षांत वावरू शकतो म्हणून संघर्षाच्या दोन्ही बाजू दिसतात. इतिहासातील थोर व्यक्ती कडेला असतात. मराठी ऐतिहासिक कादंबरीने बहुधा उलट केले : थोर पुरुषालाच केंद्र मानले. त्यामुळे दुसरी बाजू आतून दिसण्याची शक्यता मावळते. स्कॉटही यातून पूर्ण सुटलेला नाही. 'आयव्हॅन्हो'मध्ये (१८१९) वाचकाच्या मनात भरते ती यहुदी रिबेका, विवाह होतो तो रोवेनाशी, आणि रिबेका इंग्लंड सोडून जाते. परधर्मीय स्त्रीला कथेच्या शेवटी जागा कोठे द्यायची, या प्रश्नाचे उत्तर तेथेही देशाबाहेर पाठवणे एवढेच आहे. रिबेकाला मात्र जाण्यापूर्वी नायकाच्या शौर्यधर्माविषयी त्याच्या तोंडावर वाद घालू दिला आहे. मस्तानीच्या वाट्याला त्या तोडीचा वाद येत नाही.

४

या आक्षेपावर एक बचाव संभवतो : मस्तानीविषयीचा कागद इतका तुटपुंजा आहे की तिचे मन रचणे हीच इतिहासाशी प्रतारणा ठरेल. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, पण त्यांत मस्तानी दिसते ती इतरांच्या पत्रांतून, इतरांची अडचण म्हणून. हा बचाव टिकत नाही. कादंबरीकार बाजीरावांचे एकांतातील विचार रचतो, काशीबाईंची घुसमट रचतो. त्यांचाही कागद नसतो. मौन सगळीकडेच आहे. कोणते मौन भरायचे, याची निवड कादंबरीकाराची असते आणि तिचे मूल्यमापन करणे हे समीक्षेचे काम आहे.

ही निवड किती स्थलसापेक्ष आहे, हे पुण्याहून वाचताना जाणवत नाही. बीड जिल्ह्यातील आष्टीहून वाचताना जाणवते. ज्या आष्टीत २० फेब्रुवारी १८१८ रोजी बापू गोखले पडले, ती सोलापूर जिल्ह्यातील आष्टी वेगळी. ही आष्टी सरहद्दीची. बीड जिल्ह्याचा हा पश्चिमेकडील तालुका १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. जेथे १७९५ साली मराठे आणि निजाम यांची लढाई झाली ते खर्डे येथून आग्नेयेला, शेजारच्या जामखेड तालुक्यात आहे. माधवरावांनी १७६३ मध्ये निजामाच्या फौजेचा पराभव केला ते राक्षसभुवन बीड जिल्ह्यातच, गोदाकाठी. बाजीरावांची अखेरची मोठी मोहीमही गोदावरीच्याच परिसरात, नासिरजंगाविरुद्ध झाली आणि १७४० च्या फेब्रुवारीत मुंगी-पैठणच्या तहाने संपली. मस्तानी पुण्यात अडकलेली असताना 'राऊ'चा नायक लढत होता तो या मुलखात.

पेशवाईच्या कादंबरीत हा मुलूख मोहिमेचा असतो : स्वारी येथे येते, जिंकते आणि वाड्याकडे परतते. परंतु येथे माणसे राहत होती आणि त्यांचे जगणे 'आपले' व 'परके' अशा दोन दारांत वाटलेले नव्हते. दरबारी कागद फारसी-उर्दूत आणि घरचे बोलणे मराठीत किंवा दखनीत, हा येथला परिपाठ. पश्चिमेला श्रीगोंद्यात शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत लिहिला आणि वारकरी परंपरेने त्यांना आपले मानले. सरहद्दीवरील जीवन प्रेमळच होते, असा याचा अर्थ नाही. लढाया, लूट आणि वैर यांचा भार याच गावांनी सोसला. पण येथील वाचकाला मस्तानीची 'वेगळी' बोली ऐकून ओळख पटते. तिचे परकेपण ही निसर्गसिद्ध वस्तू नसून एका विशिष्ट वाड्याच्या आचारधर्माने निर्माण केलेली गोष्ट आहे, हे त्याला सांगावे लागत नाही. 'राऊ' त्या आचारधर्माचा निषेध करते. परंतु मस्तानीचे परकेपण गृहीत धरूनच करते.

५

म्हणून 'राऊ'चे यश आणि मर्यादा एकाच ठिकाणी आहेत. वाड्याची क्रूरता दाखवण्यासाठी मस्तानी निर्दोष असावी लागली. निर्दोष ठरण्यासाठी ती समर्पित असावी लागली. आणि समर्पित होता होता ती वाड्यातील आदर्श पत्नीसारखीच दिसू लागली. रमाबाईंचा संयम तिच्याकडे आला. विरोधी म्हणून कथेत आलेली स्त्री सारखी झाली तेव्हा वाचकाची सहानुभूती मिळाली, पण सहानुभूतीची किंमत वेगळेपणाने चुकती केली. पेशव्यांच्या घरात मुलगा कोणत्या धर्मात वाढणार, आपल्या कलेचे काय होणार, राऊंनी आपल्यासाठी लढावे की न लढावे, या प्रश्नांवर मस्तानीची बाजू बाजीरावांच्या बाजूहून निराळी असू शकली असती. ती निराळी असती तर कादंबरीत खरा वाद आला असता, आणि वादासोबत खरे आकर्षणही.

या प्रश्नांपैकी एकाचे उत्तर इतिहासाने कादंबरीची वाट न पाहता दिले आहे. मस्तानीचा पुत्र समशेरबहाद्दर मुसलमान म्हणून वाढला, पेशव्यांचा सरदार झाला आणि १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढताना जखमी होऊन मरण पावला. त्याच्या वंशजांनी बांद्याची नवाबी केली. ज्या घराने आईला वेगळे दार दिले, त्याच घराच्या फौजेत मुलाला जागा मिळाली. रणांगणावर जो भेद आड आला नाही तो देवघरात आणि पंक्तीत का आला, हा प्रश्न 'राऊ'च्या कक्षेच्या अगदी काठावर उभा आहे. तो आत घेण्यासाठी कादंबरीला मस्तानीच्या दाराने वाड्यात शिरावे लागले असते. 'राऊ' शिरते ती दिल्ली दरवाजाने, सन्मानाने आणि नौबतीच्या आवाजात. त्यामुळे दुसऱ्या दाराशी चाललेले बोलणे तिच्या कानी पोचत नाही.