अनामिक वस्तू आणि जपानी रचनादृष्टी

जपानी गृहोपयोगी वस्तूंच्या रचनेविषयी लिहिताना आपल्याकडे ‘साधेपणा’ ह्या एकाच शब्दावर भिस्त ठेवली जाते. वस्तुतः साधेपणा हा ह्या रचनेचा परिणाम होय. तिचे मूळ हाताच्या सवयींच्या अभ्यासात आहे.

केंजी एक्वान (१९२९–२०१५) ह्यांनी १९६१ साली किक्कोमान कंपनीसाठी घडविलेली सोया सॉसची काचेची बाटली पाहावी. तिच्या तोटीचा छेद खालच्या अंगाने आत वळविलेला असल्यामुळे ओतणे थांबल्यावर थेंब ओघळत नाही. नाओतो फुकासावा ह्यांच्या १९९९ सालच्या भिंतीवरील सीडी-वादकाला पंख्यासारखी दोरी आहे. ती ओढावी, हे कोणाला शिकवावे लागत नाही.

ह्या दृष्टीची तात्त्विक बैठक यानागी सोएत्सु (१८८९–१९६१) ह्यांच्या ‘मिंगेई’ विचारात आढळते. अनामिक कारागिरांनी नित्य वापरासाठी, पुष्कळ संख्येने व स्वस्त घडविलेल्या वस्तूंत खरे सौंदर्य असते, असा त्यांचा सिद्धान्त. अशा वस्तूंचे संग्रहालय त्यांनी १९३६ साली टोकियोत उघडले. १९८० साली ४० वस्तूंनिशी आरंभ झालेल्या ‘मुजी’च्या मूळ नावाचा अर्थही ‘छाप नसलेल्या चांगल्या वस्तू’ असाच आहे. तथापि २०१६ साली मुंबईत तिचे पहिले दालन उघडले ते लोअर परळला, जुन्या फिनिक्स गिरणीच्या आवारातील आलिशान बाजारसंकुलात. तेथे छाप नसणे हीच एक छाप ठरली. यानागींच्या कसोटीतील अनामिकता नावापुरती उरली आणि स्वस्ताई गळून पडली, असे म्हणणे भाग आहे.

ती कसोटी लावण्यासाठी धंतोलीच्या वाचकाला फार दूर जावे लागत नाही. शेजारच्या भंडाऱ्याची पितळी भांडी प्रसिद्धच आहेत. तांब्याचा निमुळता गळा बोटांत बसतो, बाहेर वळलेला काठ तो निसटू देत नाही, फुगीर पोटात पाणी पुरेसे मावते. आणि घडविणाऱ्याचे नाव मात्र कोठेच नसते. चार्ल्स व रे ईम्स ह्यांनी भारत सरकारला १९५८ साली सादर केलेल्या अहवालात लोट्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली होती. मुंबईच्या आय. आय. टी.त औद्योगिक रचनेचे केंद्रही १९६९ साली निघाले.

प्रशंसा झाली, संस्था निघाली. परंतु एकेका भांड्याचा काठ, वजन व धार ह्यांची जपानी रचनाकारांसारखी चिकित्सा आपल्या विद्यापीठीय अभ्यासाचा नित्य विषय झाली नाही. जपानी आकारांचे अनुकरण करण्यापेक्षा भंडाऱ्याच्या एका तांब्याचे असे सांगोपांग वर्णन सिद्ध करणे पदव्युत्तर अभ्यासकाला अधिक उपकारक ठरेल.