सणाची तबकडी

माझा एक भाचा शिकागोला असतो. नाताळ जवळ आला की त्याचे मला एक लांबलचक पत्र येते. पूर्वी ते निळ्या हवाई कागदावर येई, हल्ली फोनवर येते; लांबी मात्र तीच. गेल्या वर्षीच्या पत्रात त्याने एक तक्रार मांडली होती. तिकडे म्हणे लोकप्रिय गवयाला जन्मात एकदा तरी नाताळच्या गाण्यांची तबकडी काढावीच लागते; आपल्याकडे नटाला जशी एकदा तरी छत्रपतींची भूमिका करावी लागते, तसे. आणि आपल्या आवडत्या माणसाची ती तबकडी मोठ्या उत्साहाने घरी आणून लावावी, तर बहुतेक वेळा मन खट्टू होते.

ह्या भाच्याचे दैवत म्हणजे बॉब डिलन. २००९ साली डिलनने 'ख्रिसमस इन द हार्ट' नावाची तबकडी काढली. तरुणपणी युद्धाविरुद्ध आणि अन्यायाविरुद्ध गाणी रचणारा हा माणूस वयाच्या ६८ व्या वर्षी घोगऱ्या, घासलेल्या आवाजात चर्चमधली जुनी स्तोत्रे म्हणू लागला; त्यांतल्या एकाचा काही भाग तर चक्क लॅटिनमध्ये. त्याचे मानधन त्याने भुकेल्यांना अन्न पुरविणाऱ्या संस्थांना देऊन टाकले, तेव्हा हेतूबद्दल बोलायला जागाच नाही. "पण मामा, मी ती दोनदा ऐकली आणि ठेवून दिली," असे भाचा लिहितो. "आपल्याकडे असे होते का?"

होते, न व्हायला काय झाले? पण ह्या प्रश्नाचे उत्तर फोनवर आटपेना, म्हणून ते ह्या अंकात लिहितो आहे.

दिवाळीची अशी तबकडी आपल्याकडे फारशी नाही. निदान आमच्या गोंदियाकडे तरी दिवाळीचे गाणे घराबाहेरच असते. पाडव्याला गाई सजवायच्या, गोवाऱ्यांनी नाचायचे. आणि मग गावोगावच्या मंडया सुरू व्हायच्या. हलका धान कापून झालेला असतो, हातात थोडा पैसा असतो, लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात. दिवसा मंडई आणि रात्रभर दंडार, खडी गंमत, नाही तर नाटक. दंडारीतल्या शाहिराचा आवाज पहाटेपर्यंत पार फुटलेला असे, आणि त्या फुटलेल्या आवाजावर लोकांचा जीव असे. ते गाणे तबकडीवर घेऊन दिवाणखान्यात ऐकावे, असे कोणाच्या मनातही आले नसेल.

तबकडीचा आपला खरा सण म्हणजे गणपती, आणि त्याच्या मागोमाग नवरात्र, आषाढी, रामनवमी. ह्या सणांना आपले आवडते गायक आपल्या घरात येऊन बसले. पहिल्यांदा थोडे आणि मोठ्या मानाने आले; मग १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि त्यांची नुसती रीघ लागली. दिल्लीच्या टी-सीरीजने किंमत इतकी खाली आणली की ध्वनिमुद्रिका हा चैनीचा जिन्नस राहिलाच नाही. गणपतीच्या आधी आमच्या बाजारात लाल कागदात गुंडाळलेले नारळ, उदबत्तीचे पुडे आणि देवाच्या कॅसेटी एकाच फळीवर मांडलेल्या मी पाहिल्या आहेत. ज्या गायकांवर आम्ही कॉलेजात जीव टाकला होता, ते एकेक करून त्या फळीवर येऊन बसले, आणि मी एकेक करून सगळे विकत घेतले.

त्यांतल्या एकाच निराशेचे नाव सांगतो, कारण ते कलावंत इतके मोठे आहेत की माझ्या बोलण्याने त्यांचे काही उणे होणार नाही. 'राम श्याम गुणगान'! लता मंगेशकर आणि भीमसेन जोशी एकत्र, आणि चाली श्रीनिवास खळ्यांच्या. ही तीन नावे एका वेष्टनावर वाचून माझे हात थरथरले होते, हे आज सांगायला लाज कशाची? ती कॅसेट अनेकांच्या देवघरात आजही वाजते, आणि ज्यांना ती आवडते त्यांच्याशी माझे भांडण नाही. पण मला तिच्यात दोन अतिशय सभ्य माणसे एका अरुंद दारात "आधी आपण, आधी आपण" म्हणत उभी असल्यासारखी वाटली. भीमसेनांचा अभंग ज्याने बैठकीत ऐकला आहे, त्याला मी काय म्हणतो ते लगेच कळेल. राम फाटकांच्या चालीतला तो 'तीर्थ विठ्ठल' ते उभा करू लागले की विठ्ठल हे एकच नाव दहा ठिकाणांहून पुकारीत, आणि घड्याळ ही वस्तू जगात आहे ह्याचा गाणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला सारखाच विसर पडे. इथे त्या पुराला पाटाच्या पाण्यासारखे वाफ्यावाफ्यातून फिरविले आहे. पाणी तेच, गोडही तितकेच. पण आम्ही पूर पाहायला गेलो होतो. आणि लताबाई? त्यांच्या बाजूने कुठेही बोट ठेवायला जागा नाही, हीच माझी अडचण.

दुसरी निराशा एका भावगीतगायकाची. त्याचे नाव घेत नाही, कारण अजूनही त्याचे एखादे जुने गाणे लागले की मी हातातले काम थांबवतो. त्याने गणपतीची कॅसेट काढली. मागे यंत्राचा ठेका, तोही असा की बाप्पा मोटारीतून निघाला आहे आणि त्याला स्टेशन गाठायचे आहे. आणि ह्या सगळ्यावर हा बिचारा त्याच हळव्या आवाजात देवाला आळवतो आहे, ज्या आवाजात त्याने आयुष्यभर प्रेयसीला आळविले. प्रेयसीसाठी तो आवाज खरा होता. देवापुढे तो उसना झाला. ऐकताना मला राग आला नाही. ओळखीच्या माणसाला भाड्याच्या पोशाखात पाहिल्यावर जसा संकोच होतो, तसा झाला.

हे असे का होते? सोपे उत्तर आहे धंद्याचे. सण ठरलेल्या दिवशी येतो, म्हणून माल आधी तयार हवा. बिंग क्रॉस्बीचे 'व्हाइट ख्रिसमस' जगभर गाजले, ते त्याने १९४२ च्या मे महिन्यात ध्वनिमुद्रित केले. पुढे मूळ साचा वापरून वापरून झिजला, तेव्हा १९४७ च्या मार्चमध्ये पुन्हा गाऊन घेतले. म्हणजे बर्फाचे ते गाणे दोन्ही वेळा बर्फावाचूनच झाले. (संपादक क्षमा करोत, पण आपले दिवाळी अंक तरी काय? १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखक आषाढातल्या पावसात बसून आकाशकंदिलाच्या गोष्टी लिहीत आले आहेत, आणि आवडत्या लेखकाची दिवाळीतली गोष्ट वाचून हळहळण्याचा अनुभव कोणत्या वाचकाला नाही?) पण क्रॉस्बीचे गाणे मेमध्ये होऊनही लोकांच्या काळजात बसले. तेव्हा धंदा हे कारण पुरे पडत नाही.

मला वाटते, आपल्या सणांतली गाणी मुळात दोन जातींची आहेत आणि तबकडी काढणारे ती एकाच पोत्यात भरतात. एक जात ऐकण्याची. कीर्तन, आख्यान, पोवाडा, आमची दंडार. तिथे एकाने गावे आणि गावाने ऐकावे. ह्या जातीचे गाणे आवडत्या गायकाने म्हटले तर सोने होते. १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिलला, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, आठवड्याला एक अशी ५६ गीते. ते सणाच्या मुहूर्तावर सुरू झाले, पण वर्षभर चालले. कारण ती कथा होती, आणि कथा ऐकायचीच असते. प्रल्हाद शिंद्यांच्या विठ्ठलाच्या आणि गणपतीच्या गाण्यांचेही तेच. ते २००४ साली गेले, पण कव्वालीत मुरलेला तो खडा आवाज अजूनही आमच्याकडच्या प्रत्येक मांडवात असतो. देवापुढे गाताना त्यांनी आवाजाला इस्त्री केली नाही. भीमगीताला जो आवाज, तोच पंढरीला.

दुसरी जात म्हणण्याची. आरती, भुलाबाईची गाणी, मंत्रपुष्पांजली. ह्यांना श्रोता नसतोच. देवघरासमोर पंधरा माणसे उभी आहेत, एक जण टाळ चुकीचा वाजवतो आहे, 'संकटी'च्या जागी निम्मे घर 'संकष्टी' म्हणते आहे, कुणाचे तरी लेकरू मोदकाकडे हात नेते आहे. ह्या गोंगाटात एकही गळा सुरेल नसला तरी अडत नाही. इथे मोठा गायक आला की तो करणार काय? फार बारकाईने गायला, तर आपण गप्प होतो. कमी बारकाईने गायला, तर तो आपला आवडता गायक राहात नाही. भावगीतवाल्या माझ्या मित्राची फजिती ह्या दुसऱ्या जातीत झाली.

इथवर लिहून मी लेख संपविणार होतो. पण मग जी तबकडी सर्वांना आवडली, मलाही आवडली, तिच्याविषयी बोलायचे राहते.

गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. आमचा वेगळा जिल्हा १ मे १९९९ ला झाला. बाबा रेल्वेत होते. एकदा गणपतीच्या आधी त्यांनी नागपूरहून तबकड्या वाजवायचे यंत्र आणले, आणि त्याच्याबरोबर मंगेशकरांची गणपतीची आरती. लताबाई, उषाबाई, आणि संगीत हृदयनाथांचे. वर जे काही मी दुसऱ्या जातीबद्दल म्हटले, ते सगळे ह्या एका तबकडीने खोटे पाडले आहे, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. तिच्यात लताबाई पुढे येत नाहीत. त्या घरातल्या थोरल्या बहिणीसारख्या आरती धरतात, मागून बाकीचे सूर मिसळतात, आणि आपल्यालाही तोंड उघडायला जागा राहते. लय अशी की टाळ आपोआप बरोबर पडतो. आमच्या घरात पहिल्यांदाच सगळे एका सुरात आरती म्हणू लागले. बाबांना कोण आनंद! शेजारपाजारचे लोक आरतीच्या वेळेला मुद्दाम येत.

माझी माय अर्जुनी-मोरगावकडच्या एका खेड्यातली. तिची आरतीची चाल निराळी होती. पहिल्या ओळीचा शेवट ती खाली न टाकता वर नेऊन सोडायची, आणि दुसरी ओळ यायला इतका उशीर लावायची की आम्हां पोरांना वाटे, विसरली. बायका धान रोवताना गातात त्याच्याशी त्या चालीचे काही नाते असावे, असे मला आता वाटते. तेव्हा नुसते हसू येई. यंत्र आले त्या वर्षी ती एक-दोन दिवस आपल्याच चालीने म्हणत राहिली. तिची ओळ मागे राही, तबकडी पुढे निघून जाई. ताई म्हणाली, "माय, त्या बाईसारखं म्हण ना." मायने काही वाद घातला नाही. तिसऱ्या दिवशी बाबा यंत्र लावायचे विसरले, तर तीच म्हणाली, "लावा जी थे रेकॉट. बेस म्हणते थे बाई." आणि स्वतः हात जोडून उभी राहिली, ती पुढची तीस वर्षे तशीच. ओठ हलत, पण आवाज ऐकू आला नाही.

लताबाईंचा ह्यात काय दोष? बाबांचाही नाही. तबकडी वाईट असती, त्या भावगीतवाल्याच्या कॅसेटीसारखी, तर आम्ही ती दोन दिवसांत काढून ठेवली असती आणि मायचा उशीर सहन करीत आरती म्हटली असती. ती कॅसेट माझ्या ट्रंकेत आजही आहे. तिने आमच्या घरातले काहीही नेले नाही. म्हणून निराश करणाऱ्या सणाच्या तबकड्यांबद्दल माझा राग आताशा फार मवाळ झाला आहे, आणि भाच्याला मी एवढेच कळविणार आहे की डिलनवर फार चिडू नकोस.

६ फेब्रुवारी २०२२ ला लताबाई गेल्या, तेव्हा दिवसभर त्यांची गाणी ऐकत होतो. संध्याकाळी ती आरती लागली आणि मला एकदम मायची चाल आठवेना. तिला जाऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती. मी देवरीला ताईला फोन लावला. ती म्हणाली, "मला येते की." आणि फोनवरच तिने म्हणायला सुरुवात केली. पहिली ओळ वर नेऊन सोडली, बरोबर मायसारखी. मग थांबली, तो उशीरही बरोबर तितकाच. दुसरी ओळ आली, तिसरी आली, मी श्वास धरून ऐकत होतो. ध्रुपदाला ती अडखळली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच आली. आणि तिथून पुढे तिला त्या तबकडीचीच चाल येत होती.