‘रिप्युडिएट’ : नकाराच्या एका शब्दाचा प्रवास

आयुर्विमा कंपनीकडून आलेले इंग्रजी पत्र घेऊन दोन वर्षांपूर्वी शेजारच्या एक बाई माझ्याकडे आल्या. पतीच्या निधनानंतर त्यांनी केलेल्या दाव्यापुढे ‘रिप्युडिएटेड’ असे लिहिले होते. शब्दकोशाच्या भरवशावर मी ‘नाकारला’ असे सांगून मोकळा झालो. त्या म्हणाल्या, “नाकारायचंच होतं, तर हप्ते का घेतले?” त्यांचा प्रश्न पैशांचा होता, पण माझे भाषांतर अपुरे आहे हे मला त्यातूनच कळले.

इंग्रजीत नकाराला शब्द पुष्कळ आहेत. त्यांतल्या ‘रिजेक्ट’चे लॅटिन मूळ ‘मागे फेकणे’ असे आहे. दारात आलेली वस्तू परत धाडली की काम झाले. तिच्याशी आधीचे नाते असावे लागत नाही. ‘रिप्युडिएट’ निघतो तो ‘रेपुदियुम’ या लॅटिन शब्दापासून, आणि त्याचा अर्थच मुळी वाङ्‌निश्चय किंवा विवाह मोडणे असा होता. प्राचीन रोममध्ये हा अधिकार प्रामुख्याने पुरुषाचा. प्रजासत्ताकाच्या अखेरीपर्यंत तो स्त्रियांनाही वापरता येऊ लागला. ऑगस्टसच्या काळातील कायद्याने तर अशा घटस्फोटाला सात प्रौढ रोमन नागरिकांची साक्ष आवश्यक केली. म्हणजे इथे नकारापूर्वी नाते गृहीत आहे, आणि ते मोडल्याचे चारचौघांत सांगण्याची जबाबदारीही.

सोळाव्या शतकातील इंग्रजीत हे क्रियापद ‘पत्नीचा त्याग करणे’ याच अर्थाने रूढ झाले. पुढे मते, आरोप, करार आणि कर्जेही ‘रिप्युडिएट’ होऊ लागली. 1840च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील मिसिसिपी राज्याने युनियन बँकेसाठी काढलेल्या 50 लाख डॉलरच्या रोख्यांची जबाबदारी झटकली, तेव्हा त्या कृतीला हेच नाव मिळाले. 1918 मध्ये बोल्शेविक सरकारने झारशाहीची कर्जे अमान्य केली, तेव्हाही हाच शब्द वापरला गेला. ‘कर्ज फेडता येत नाही’ असे म्हणणे वेगळे आणि ‘हे कर्ज आमचे नव्हेच’ असे म्हणणे वेगळे. हा फरक ‘नाकारणे’ या शब्दात उतरत नाही.

मराठीत त्याचा खरा सोयरा ‘टाकणे’ हा आहे. ‘नवऱ्याने टाकलेली’ हे शब्द ऐकताच आधी लग्न झाले होते हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘सोडचिठ्ठी’चा प्रवास तर लॅटिन शब्दाच्या वळणानेच झाला आहे. संसारातला हा शब्द आज वर्तमानपत्रांत पुढाऱ्याने पक्ष सोडला की सर्रास येतो. पण ‘टाकलेली’ म्हणताना बाईच कायम कर्माच्या जागी राहते. ती टाकली जाते, टाकत नाही.

हे व्याकरण बदलू पाहणारी बाई एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत होऊन गेली. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नांदायला जाण्यास नकार दिला. नवऱ्याने 1884 मध्ये दावा लावला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण अपिलात तो टिकला नाही. 1887 मध्ये न्यायालयाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा, असा हुकूम केला. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. 1888 मध्ये तडजोड झाली. संमतीविना बालपणी झालेले लग्न ‘मी मानत नाही’ असे म्हणण्याची वाट तेव्हाच्या कायद्यात त्यांना मिळाली नाही.

ती वाट पुढे निघाली, तेव्हा कायद्याने नेमका हाच जुना शब्द उचलला. 1939च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात आणि 1976च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात, पंधरा वर्षांच्या आत लग्न लावलेल्या मुलीने अठराव्या वर्षाआधी ते ‘रिप्युडिएट’ केले असेल, तर ते घटस्फोटाचे कारण ठरले. 1939च्या कायद्यात पतिपत्नीसंबंध आलेला नसावा अशी अट होती, 1976च्या दुरुस्तीत तीही नव्हती. पत्नीला घालवण्यासाठी रुळलेल्या क्रियापदाचा कर्ता आता मुलगी झाली. या शब्दाच्या इतिहासातले हे वळण मला सर्वांत मोलाचे वाटते, आणि आपले द्विभाषिक कोश ‘नाकारणे, अमान्य करणे’ एवढ्यावर थांबून नेमके तेच झाकून टाकतात.

आता पुन्हा त्या पत्राकडे. विमा कायद्याच्या कलम 45 मध्येही हा शब्द आहे. नाते जुळल्यानंतर ते मोडायचे, तर मोडणाऱ्यावर बंधने येतात. आयुर्विम्याच्या पॉलिसीला तीन वर्षे उलटल्यावर कंपनीला तिच्यावर शंका घेता येत नाही. त्याआधी घ्यायची, तर कारणे आणि आधार लेखी कळवावे लागतात. फसवणूक नव्हे, केवळ चुकीची माहिती किंवा महत्त्वाची गोष्ट न सांगणे हे कारण असेल, तर भरलेले हप्ते 90 दिवसांत परत करावे लागतात.

त्या बाईंना मी पुन्हा बोलावले. पत्राचे दुसरे पान मी पहिल्यांदा उलटलेच नव्हते. कारण तिथे होते : जुन्या आजाराची माहिती दिली नव्हती. फसवणुकीचा आरोप नव्हता. आम्ही अर्ज लिहिला. विम्याची रक्कम मिळाली नाही, हप्ते मात्र परत आले. ‘नाकारला’ या माझ्या एका शब्दापाशी त्या थांबल्या असत्या, तर तेवढेही हाती लागले नसते.