तीन गुणांचं दुखणं, दोन कोटींचा उतारा

३१ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये कबड्डी लीगच्या अंतिम सामन्यात पुणेरी पलटण दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली. ते मी पचवलं असतं. तीन गुण म्हणजे काय, एक बोनस आणि एक अव्वल पकड. पचलं नाही ते दुसऱ्या दिवशी सकाळी जालन्याच्या मोंढ्यातल्या टपरीवर ऐकलेलं. आमचा एक सरकीचा दलाल मित्र, माणूस लाखमोलाचा, बशीत चहा ओतत म्हणाला, "सर, तुम्ही काहीही म्हणा, मालकानं हात आखडला. दोन कोटीचा एक रेडर टाकला असता तर कप पुण्यात होता." भोवतीच्या चारपाच जणांनी माना हलवल्या.

'टाकला असता' हा शब्द माझ्या डोक्यात गेला. पेंडीत मीठ टाकावं तसा रेडर टाकायचा! सात जणांचा खेळ, आणि हिशेब एका पोत्याचा.

मुळात हात आखडला हेच खोटं. मुंबईत मे-जूनमध्ये लिलाव झाला तेव्हा याच पलटणीनं सचिन तंवरसाठी १ कोटी ५ लाख ८० हजार मोजले होते. त्याच सचिनला आदल्या वर्षी तमिळ थलैवाजनं २ कोटी १५ लाखांना घेतलं होतं. बारा महिन्यांत माणूस निम्म्यावर आला. खेळ निम्म्यावर आला होता का? बाजाराला ते विचारायचं नसतं. अंतिम सामन्यात पलटणीच्या चढायांचा भार ओढला तो मात्र आदित्य शिंदेनं, दहा गुण घेऊन. हा पोरगा काही हंगामांपूर्वी पलटणीत आला तेव्हा त्याच्या नावाची कुणी बातमी केली नव्हती.

आणि ज्यांनी दोन-दोन कोटी 'टाकले' त्यांचं काय झालं? बाराव्या हंगामातली सगळ्यात मोठी बोली इराणच्या मोहम्मदरेझा शाडलुईवर लागली, २ कोटी २३ लाख, गुजरात जायंट्स. त्याच्या खालोखाल देवांक दलाल, २ कोटी २० लाख ५० हजार, बंगाल वॉरियर्झ. दोन्ही संघ पहिल्या आठातही आले नाहीत. देवांक बिचारा चढाईमागून चढाई करत राहिला, गुणांचा ढीग लावला, आणि मागे बचाव गळक्या माठासारखा. तिसरी मोठी बोली आशू मलिकची, १ कोटी ९० लाख, आणि ती लावणारे होते त्याचेच दिल्लीवाले. शेवटच्या बोलीची बरोबरी करण्याचं कार्ड वापरून त्यांनी आपला माणूस घरीच ठेवला. करंडक त्यांनी नेला. मी टपरीवर हे सांगितलं तर मित्र म्हणाला, "मग तेच म्हणतोय ना, पैसे लागतात." आता काय बोलणार!

या लीगला २०१४ पासून बारा हंगाम झाले. संघबांधणी ही एक कला आहे आणि तिच्यात सध्या काय चाललंय हे बघायचं तर पलटण सोडून बाकीच्यांवर फार शाई घालवू नये असं माझं मत. तेलुगू टायटन्सनी दहाव्या हंगामात पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजार देऊन बावीसपैकी दोन सामने जिंकले. तो संघ नव्हता, मिरवणूक होती. यू मुंबा अनुप कुमारच्या आठवणीवर जगतो. पाटणा पोरं शोधतो छान आणि घालवतो त्याहून छान. थलैवाजबद्दल मात्र एक गोष्ट सांगायची राहते. २०२२ मध्ये त्यांनी पवनला २ कोटी २६ लाखांना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. झालं, संपलं, असं सगळ्यांनी लिहून टाकलं. मग नरेंदर कंडोला नावाचं कोवळं पोर चढाया करायला लागलं आणि त्या संघानं उपांत्य फेरी गाठली. तिथं त्यांना ३९-३७ असं हरवलं कुणी? पुणेरी पलटणनं. तिथंही पंकज मोहितेच्या चढायांवर.

तर पलटण. माझा पक्षपात मी लपवत नाही.

ही पलटण पहिल्या हंगामात तळाला होती. पुढे तिनं बाजारातलं सगळं करून पाहिलं. मनजीत छिल्लर झाला, दीपक हुडा झाला, नितीन तोमरवर १ कोटी १५ लाख लावून झाले. संघ कधी तिसरा यायचा, कधी गटांगळ्या खायचा. चेहरा असा नव्हताच. चेहरा आला तो आठव्या हंगामात, करोनाच्या सावटात, बंगळूरच्या एका हॉटेलात बंद दाराआड झालेल्या सामन्यांत. प्रेक्षक एक नाही. अनुप कुमार प्रशिक्षक. संघात राहुल चौधरी, नितीन तोमर अशी जुनी मोठी नावं, आणि चढाईला सारखी उठत होती दोन अनोळखी पोरं. एक हरियाणाचा मोहित गोयत, दुसरा श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार. लिलावाबाहेरून, नव्या तरुण खेळाडूंच्या यादीतून उचललेली. टीव्हीवर त्या मोकळ्या हॉलमध्ये बुटांचा कर्रकर्र आवाज यायचा आणि बाकावरून मारलेली हाक स्पष्ट ऐकू यायची. मी तेव्हाच घरात म्हणालो होतो की हा संघ दोन-तीन वर्षांत करंडक नेतो. बायको साक्षीदार आहे, पण ती या विषयावर साक्ष द्यायला तयार नाही.

अस्लमची चढाई बघताना हात बघू नका, पाय बघा. तो मध्यरेषा ओलांडतो आणि पहिले दहा-बारा सेकंद काहीच करत नाही. काहीच म्हणजे, डाव्या कोपऱ्याकडून उजव्याकडे चालत जातो, शेतात पाणी कुठवर आलं हे बघायला जावं तसा. निदान रेषा ओलांडून झालेली असते. समोर सहा जण असले तर बोनस रेषेकडे एक पाय नुसता दाखवतो. टाकत नाही, दाखवतो. उजवा कोपरारक्षक त्या पायावर झेपावायचा विचार करतो, आणि तो विचार अस्लमला त्याच्या खांद्यात दिसतो. साखळीतल्या दोघांचे हात ताणले जातात. आता पंचवीस सेकंद झालेले. मग एकदम अर्धी गिरकी, मागे पळता पळता मध्यरक्षकाच्या कोपराला बोटांची टोकं, आणि गडी मध्यरेषेपलीकडे. उडी नाही, डुबकी नाही, मांडीवर थाप नाही. एक गुण. आमच्या मित्राला यात 'मजा येत नाही', कारण पवनसारखा तो तिघांच्या डोक्यावरून जात नाही. अहो, डोक्यावरून जाणारा एक दिवस डोक्यावर पडतो!

दहाव्या हंगामातल्या पलटणीची तऱ्हा ही अशी. अस्लम, मोहित, पंकज, आकाश शिंदे: चौघांत कुणी एक राजा नव्हता. एकाचा दिवस खराब गेला तर दुसरा उठायचा, तिसऱ्या चढाईवर कोण जाणार हे समोरच्याला शेवटपर्यंत कळायचं नाही. मागे अबिनेश नादराजन, गौरव खत्री, संकेत सावंत. बी. सी. रमेश यांच्या हाताखाली त्या हंगामात या मुलांनी बावीसपैकी सतरा सामने जिंकले, तीन बरोबरीत, हरले फक्त दोन. ९६ गुण. १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणा स्टीलर्सवर २८-२५. त्या सामन्याला लोक कंटाळवाणा म्हणाले. २८-२५ कंटाळवाणा! पंकजनं एका चढाईत चार गुण आणले तो क्षण सोडला तर चाळीस मिनिटं दोन बचाव एकमेकांचा श्वास मोजत होते. ज्यांना हुतूतू माहीत आहे त्यांना तो सामना पुन्हा बघावासा वाटतो. त्याच्या आदल्या शरद ऋतूत हांगझोऊला आशियाई सुवर्ण जिंकलेल्या भारतीय संघात यातले दोघे होते, अस्लम आणि नाशिकचा आकाश.

आता माझ्याविरुद्धचा सगळ्यात मोठा मुद्दा मीच मांडतो, कारण टपरीवर तो मांडला गेलाच. करंडक आला त्या वर्षी डाव्या कोपऱ्यावर शाडलुई होता आणि त्याला पलटणीनं २ कोटी ३५ लाखांना घेतलं होतं. हंगामात पकडींचे ९९ गुण. मग? पुढच्या वर्षी पलटणीनं त्याला सोडलं, हरियाणानं २ कोटी ७ लाखांना उचललं, आणि तोच करंडक हरियाणानं पुण्याच्या बालेवाडीत येऊन उचलला. पलटण बाद फेरीतही नव्हती. खरंय. शाडलुई घोट्याला भिडतो तेव्हा सापळा मिटल्यासारखा वाटतो, आणि त्याच्यावर लावलेला पैसा वाया गेला असं म्हणणारा मूर्ख ठरेल. पण तो आला तेव्हा घर उभं होतं. सहा जागा भरलेल्या होत्या, त्या मुलांना एकमेकांच्या हाका कळत होत्या, आणि एक कोपरा रिकामा होता. तेवढाच विकत घेतला. तोच माणूस पुढे गुजरातला गेला तेव्हा सहा जागा रिकाम्या होत्या. त्याचे दोन कोटी तिथं एकट्यानं काय राखणार? शिवाय अकराव्या हंगामात पलटण घसरली ती शाडलुई नव्हता म्हणून, असं सांगणारे हे सोयीस्कर विसरतात की त्याच हंगामाच्या मध्यावर अस्लमचा गुडघा दुखावला आणि तो बाहेर बसला.

जालन्यात हे बियाण्याच्या भाषेत सांगितलं की पटकन कळतं. सरळ वाणाचं बी घरचं राखता येतं. संकरित दरवर्षी विकत आणावं लागतं. मी हे म्हणालो आणि फसलो. मित्र म्हणाला, "सर, हे गाव १९६४ पासून संकरितवरच मोठं झालं. महिको बियाणे कंपनीवाल्यांना विचारा." टपरी हसली. ठीक आहे, माझी उपमा पडली. पण मोठं कोण झालं, बी विकणारा की घेणारा, हे विचारायला मी पुन्हा जाणार आहे.

विकल्या जाणाऱ्याचं काय होतं हेही कुणी बघत नाही. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई आठवा. सहाव्या हंगामात यू मुंबानं ३६ लाख ४० हजारांना घेतला, त्यानं पहिल्याच वर्षी धुमाकूळ घातला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्स, १ कोटी ४५ लाख. त्यानंतर १ कोटी ३० लाख. मग खांदा गेला, आणि २०२२ मध्ये तोच माणूस त्याच टायटन्सना २० लाखांत मिळाला. वर्षभरानं हरियाणाला तो पुन्हा एक कोटीचा वाटला. हा आलेख बघून मला तुरीचा भाव आठवतो. तुरीला निदान खांदा नसतो.

आमच्या पिढीत खेळाडूचा करार म्हणजे नोकरी होती. पोलीस, रेल्वे, बँक, मुंबईच्या कंपन्या. शंकरराव साळवी बुवांनी उभी केलेली कबड्डी त्या नोकऱ्यांवर जगली. पगार थोडा, पण गुडघा गेला तरी पहिल्या तारखेला येणारा. लीगनं पैसा आणला, मॅट आणली, फिजिओ आणला; त्याबद्दल वाईट बोलणार नाही, मातीत खरचटलेली माझी ढोपरं अजून साक्षीला आहेत. पण एका हंगामाचा करार आणि पुढच्या हंगामात 'बघू', यावर वीस वर्षांच्या पोरानं पदवी सोडायची का हे मला पालक विचारतात तेव्हा मी चहा मागवतो.

आणि आता ऐकतोय की अस्लमला सोडा. गुडघ्याचा भरवसा नाही म्हणे, त्या पैशात अख्खा नवा घ्या. हे म्हणणाऱ्यांनी बाराव्या हंगामात अजय ठाकूरच्या हाताखाली या मुलांनी काय केलं ते पाहिलं नाही का? साखळीत अव्वल. पहिल्या पात्रता सामन्यात दिल्लीशी ३४-३४ आणि टायब्रेकरमध्ये ६-४ असा निसटता पराभव. मग टायटन्सना ५०-४५. मग तो तीन गुणांचा अंतिम सामना, जिथं समोरच्या कोपऱ्यावर कोण होतं? फझल अत्राचली, २०२२ चा पलटणीचाच कर्णधार! ज्याला आपण जुना झाला म्हणून जाऊ दिलं. मोंढ्यातल्या लोकांनी या एका नावावर विचार करावा आणि मग अस्लमला सोडा म्हणावं.

पुढच्या लिलावात माझं म्हणणं ऐकणार कुणी नाही, तरी सांगतो. अस्लमला ठेवा, आदित्यला दुसऱ्या कुणाची नजर लागायच्या आत बांधून घ्या, आणि उरलेल्या पैशातून एक अनुभवी मध्यरक्षक. बस. दोन कोटींचा जो काही आकडा कुणाच्या डोक्यात आहे त्याचा पाचवा हिस्सा निवड चाचण्यांवर घालवा. आणि त्या पुण्याबाहेर घ्या. परवा मी बदनापूरजवळच्या एका गावात यात्रेतले सामने बघायला गेलो होतो. फक्कीच्या रेषा, दोरीचं कुंपण, ट्रॅक्टरच्या हेडलाइटचा उजेड. पंचावन्न किलोच्या गटात डाव्या कोपऱ्यावर एक काळसर, काटक पोरगं. त्यानं एकदाही आधी झेप घेतली नाही. चढाई करणाऱ्याचं वजन मागच्या पायावर जाईपर्यंत थांबायचा, मगच घोट्याला. पाच पकडी मोजल्या मी. विचारलं, पुण्याला चाचणीला गेला होतास का? म्हणाला, "सर, ऊसतोडीला जातो आम्ही. तारीख कळंपर्यंत निघून जाते."

जालना-पुणे एसटी आहे, तिच्या तिकिटाचे पैसे मी देईन. पण त्यापेक्षा तुम्हीच या. फेब्रुवारी संपला की तोडीवरून माणसं परततात, तेव्हा या. मैदान आमचं, उजेडाला ट्रॅक्टर आमचे. मॅट तेवढी आणा.