'कोला' म्हणजे नुसता राहणारा?

नागपुरात विज्ञान शिक्षकांसाठी झालेल्या एका प्रशिक्षण वर्गात वाटलेला तक्ता आमच्या पाहण्यात आला. सजीवांच्या शास्त्रीय नावांत वारंवार येणाऱ्या लॅटिन शब्दांचे अर्थ त्यात दिले आहेत. नावे घोकून घेण्यापेक्षा ती उलगडून सांगावीत, हा त्यामागचा हेतू स्तुत्यच आहे. तथापि त्यातील एका ओळीबद्दल लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते. ती ओळ अशी : '-कोलस, -कोला, -कोलम : राहणारा. यावरून सजीवाचा अधिवास ओळखता येतो.' या ओळीतील व्याकरण, अर्थ आणि विज्ञान ही तिन्ही तपासून पाहण्यासारखी आहेत.

प्रथम व्याकरण. लॅटिनमध्ये 'इन्कोला' म्हणजे रहिवासी आणि 'अग्रिकोला' म्हणजे शेतकरी. ही नामे आहेत, विशेषणे नव्हेत. लॅटिनमधील आकारान्त नामे बहुधा स्त्रीलिंगी असतात, म्हणून '-कोला' हेही स्त्रीलिंगी रूप असावे असा समज होतो. पण मराठीत ईकारान्त नामे बहुधा स्त्रीलिंगी असूनही 'माळी', 'शेतकरी' हे शब्द पुल्लिंगी आहेतच. तसेच हे. प्रजातीच्या लिंगाप्रमाणे '-कोला' बदलत नाही. 'रुबस अम्निकोला' (नदीकाठी राहणारा रुबस) याचे 'अम्निकोलस' होत नाही. वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत हेच उदाहरण दिलेले आहे. तेव्हा तक्त्यातील तीन रूपांपैकी दोन खोडावीत.

आता अर्थ. हा शब्द ज्या 'कोलो' या क्रियापदापासून आला, त्याचे अर्थ जमीन कसणे, वस्ती करणे, जोपासणे आणि पूजणे असे आहेत. प्रयोगशाळेत जिवाणूंचे 'कल्चर' करतात आणि बशीत त्यांची 'कॉलनी' वाढते. हे दोन्ही शब्द याच घरातले. भाषाशास्त्रज्ञ 'कोलो' आणि संस्कृत 'चर्' यांचे मूळ एकच मानतात. त्या मूळ धातूचा अर्थ होता फिरणे. म्हणजे 'जलचर', 'वनचर' यांतला 'चर' हा 'कोला'चा चुलतभाऊ ठरतो. मुलांना हा शब्द समजावून देण्यास याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही. (कोला नावाच्या पेयाशी मात्र याचा काही संबंध नाही. तो शब्द पश्चिम आफ्रिकेतील एका झाडाच्या बियांच्या नावावरून आला.)

रोमन कायद्यात 'इन्कोला'ला आणखी नेमका अर्थ होता. जन्माने वा वंशाने जो त्या नगराचा नागरिक नाही, पण बाहेरून येऊन ज्याने तेथे बिऱ्हाड केले, तो इन्कोला. मूळचा तो 'इंदिगेना'. त्यातला 'गेन' आणि आपल्या 'पंकज', 'अंडज' यांतला 'ज' हेही सगोत्र आहेत. म्हणजे 'कोला' कोठे राहतो हे सांगतो, कोठला हे सांगत नाही. नागपूरचा संत्रा घ्या. २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले, शहराची ओळखच त्यावर झाली. पण मँडरिन संत्र्यांचे मूळ दक्षिण चीन आणि लगतच्या प्रदेशातले. विदर्भात संत्रा इन्कोला आहे, इंदिगेना नव्हे. त्याने त्याचा मान कमी होत नाही, हेही मुलांना सांगावे.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा विज्ञानाचा. नावावरून अधिवास ओळखता येतो, हे विधान काही वेळा खरे ठरते. 'अरेनिकोला' हा समुद्रकाठचा कृमी खरोखरच वाळूत बीळ करून राहतो. भुईमुगावरील टिक्का रोगाच्या एका बुरशीला 'सर्कोस्पोरा अरॅकिडिकोला' म्हणतात. अरॅकिस म्हणजे भुईमूग. पण गप्पीदास पक्ष्यांच्या प्रजातीचे नाव 'सॅक्सिकोला', म्हणजे खडकावर राहणारा. आपल्याकडचा कवड्या गप्पीदास (सॅक्सिकोला कॅप्राटा) मात्र गवताळ माळावर आणि शेताच्या बांधावर, झुडपाच्या शेंड्यावर बसलेला दिसतो. रणगोजासारखे उजाड, खडकाळ जागेतले पक्षी पूर्वी याच प्रजातीत धरत. पुढे ते वेगळे काढले, नाव मागे राहिले. युरोपातल्या गप्पीदासाचे नाव तर 'सॅक्सिकोला रुबिकोला', म्हणजे 'खडकावर राहणारा, काटेरी झुडपात राहणारा'! अमेरिकेत १९१४ साली एडिथ पॅच यांनी एका माव्याला 'एफिस स्पायरीकोला', म्हणजे स्पायरिया झुडपावर राहणारा, असे नाव दिले. तो संत्रा-लिंबाच्या झाडांवरही जगभर आढळतो.

नाव चुकीचे वाटले म्हणून ते बदलत नाहीत. वनस्पती आणि प्राणी या दोहोंच्या नामकरणाचे नियम तसे स्पष्ट सांगतात, कारण नावाचे काम ओळख पटवणे हे आहे, वर्णन करणे नव्हे. म्हणून नावाला पुरावा मानणे घातक. बाजरीवरील गोसावी रोग 'स्क्लेरोस्पोरा ग्रॅमिनिकोला'मुळे होतो. ग्रॅमिनिकोला म्हणजे गवतावर राहणारा. ज्वारीही गवताच्याच कुळातली. तक्त्याप्रमाणे विचार करणारा शेतकऱ्याचा मुलगा घरी जाऊन सांगेल, की बाजरीचा गोसावी ज्वारीलाही लागेल. प्रत्यक्षात ज्वारीवरील केवडा रोगाची बुरशी वेगळी, 'पेरोनोस्क्लेरोस्पोरा सोर्घी'. शिवाय 'राहणारा' हा शब्दही फार सौम्य आहे. अरेनिकोला वाळूत बीळ करून राहतो; ग्रॅमिनिकोला ज्या घरात राहतो तेच घर खातो. भाडेकरू कोण आणि दरोडेखोर कोण, हे 'कोला'वरून कळत नाही.

तक्ता टाकून द्यावा असे आमचे म्हणणे नाही. ती ओळ अशी करावी : '-कोला : (तेथे) राहणारा. नाव देणाऱ्याला तो कोठे राहतो असे वाटले, ते यावरून कळते; खरे काय ते पाहून ठरवावे.' मग अशी पाच नावे फळ्यावर लिहून द्यावीत. मुलांनी अर्थ लावावा, अधिवासाचा अंदाज लिहावा आणि नंतर माळावर, बांधावर किंवा ग्रंथालयात जाऊन तो पडताळावा. दोनतीन अंदाज चुकतीलच. त्या चुकलेल्या अंदाजांवर वर्गात चर्चा झाली, तर तक्त्याचा हेतू खऱ्या अर्थाने साधेल.