क्लोरिनच्या पाण्याचा हिशेब

क्लोरिन पाण्यात विरघळला की हायड्रोक्लोरिक आम्ल व हायपोक्लोरस आम्ल तयार होते, असे आपण वर्गात सांगतो. फळ्यावर समीकरण लिहितो, दोन्ही बाजू जुळवतो आणि पुढे जातो. समीकरण बरोबरच आहे. पण विरघळलेल्या क्लोरिनपैकी कितीची अभिक्रिया होते, हे त्यात कोठेच नसते. २५ अंश सेल्सिअसला संपृक्त क्लोरिनजलात लिटरला सुमारे ०.०९ मोल क्लोरिन असतो. त्यातील सुमारे ०.०६ मोल क्लोरिन म्हणूनच राहतो. अभिक्रिया होते ती एक तृतीयांशाची. हेच द्रावण, वायू निसटू न देता, दहापट विरल केले तर समतोल स्थिरांकानुसार सुमारे ८८ टक्के क्लोरिनची अभिक्रिया होते. समीकरण तेच, चित्र मात्र उलटे.

या 'किती'चे उत्तर एका जुळवलेल्या समीकरणावर न विसंबता काढावे, असा आग्रह पोलंडमधील क्राकोवचे रसायनशास्त्रज्ञ तादेउश मिखावोव्स्की यांनी धरला. १९९२ साली त्यांनी रेडॉक्स प्रणालींसाठी इलेक्ट्रॉनांचा व्यापक ताळेबंद मांडला. द्रावणातील सर्व घटकांची यादी करायची, अणूंचे व प्रभाराचे ताळेबंद लिहायचे, त्यांना समतोल स्थिरांकांची जोड द्यायची आणि सारी समीकरणे संगणकाने एकत्र सोडवायची, अशी ही पद्धत आहे. तिचा सर्वांत सुंदर भाग पुढच्या मांडणीत आला : ऑक्सिजनच्या ताळेबंदाची दुप्पट करून त्यातून हायड्रोजनचा ताळेबंद वजा करा.

क्लोरिनजलावर हे करून पाहू. पाण्याच्या रेणूचा वाटा २ वजा २, म्हणजे शून्य. क्लोरिन व क्लोराइड यांचाही शून्य. हायपोक्लोरस आम्लाचा १, हायपोक्लोराइटचा २, हायड्रॉक्साइडचा १ आणि हायड्रोजन आयनाचा उणे १. सुरुवातीला केवळ क्लोरिन व पाणी होते, म्हणून ही सारी बेरीज शून्य. आता द्रावण विद्युतदृष्ट्या उदासीन असते, ही अट तिच्यात मिळवा. उरते ते एवढेच :

हायपोक्लोरस आम्ल + हायपोक्लोराइट = क्लोराइड

इलेक्ट्रॉन गमावलेल्या प्रत्येक क्लोरिन अणूमागे इलेक्ट्रॉन मिळवलेला एक अणू आहे, हाच याचा अर्थ. ऑक्सिडीकरण अंकाचा उल्लेखही न करता आपण येथे पोचलो. ही या पद्धतीची खरी मिळकत आहे.

तिच्याविषयी आमचे दोन आक्षेप आहेत. पहिला यादीविषयी. क्लोरिनचा प्रमाण विभव १.३६ व्होल्ट, तर ऑक्सिजन-पाणी जोडीचा १.२३ व्होल्ट. म्हणजे क्लोरिनने पाण्यातून ऑक्सिजन मुक्त करायला हवा. अंधारात ठेवलेल्या बाटलीत हे अतिशय सावकाश घडते; उन्हात ऑक्सिजनचे बुडबुडे दिसतात. यादीत ऑक्सिजन घातला तर गणित सांगेल की क्लोरिन जवळजवळ उरणारच नाही. मंद अभिक्रियांचे घटक वगळण्याची सोय या पद्धतीत आहे. पण कोणाला वगळायचे हे ताळेबंद सांगत नाही, प्रयोगच सांगतो. ताळेबंदाला अक्षय्यता कळते, वेग कळत नाही. ही गोष्ट पद्धतीच्या तळटीपेत नव्हे, पहिल्या ओळीत हवी.

दुसरा आक्षेप ऑक्सिडीकरण अंक अनावश्यक ठरवण्याला आहे. संगणकाला तो नको असेल. पण कोणत्या अणूचे काय झाले, हे विद्यार्थ्याला दोन ओळींत कळते ते त्याच्यामुळेच. साधन जुने झाले म्हणून ते टाकून देण्याचे कारण नाही.

तरीही अकरावी-बारावीच्या शिक्षकांनी ही पद्धत एकदा वर्गात करून पाहावी. क्लोरिनऐवजी ब्रोमिन घ्यावा आणि यादीत ब्रोमेट आयनही ठेवावा. अंतिम समीकरणात ब्रोमेटच्या आधी ५ हा गुणक आपोआप येतो. तो कोठून आला, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.