धावफलकाबाहेरची कला

एकनाथ सोलकरचा हिशेब कागदावर मांडला तर तो असा दिसतो: २७ कसोटी, १,०६८ धावा, एक शतक, १८ बळी. एवढ्या शिदोरीवर सार्वकालिक भारतीय संघात कोणाचाही विचार होणार नाही. तरीही असा संघ निवडायला चार जाणकार बसले की फॉरवर्ड शॉर्ट लेगच्या जागेवर फारसा वाद होत नाही. कारण त्याच २७ कसोटींत सोलकरने ५३ झेल घेतले, म्हणजे सामन्यामागे जवळजवळ दोन. राहुल द्रविडचे २१० झेल १६४ कसोटींतले आणि मार्क टेलरचे १५७ झेल १०४ कसोटींतले. दोघेही स्लिपमधले दादा, पण सामन्यामागचे प्रमाण काढले तर सोलकर दोघांच्याही पुढे आहे.

उपेक्षित खेळाडू कोण, हा आपल्याकडचा न संपणारा वाद. त्यात पद्माकर शिवलकरचे नाव हमखास निघते: प्रथम श्रेणीचे १२४ सामने, ५८९ बळी, कसोटी एकही नाही. अमोल मुझुमदारने प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या, पण भारताची टोपी त्याला मिळाली नाही. या दोघांवरचा अन्याय निदान आकड्यांनी सिद्ध करता येतो. क्षेत्ररक्षकाला तीही सोय नाही. त्याने घेतलेला झेल धावफलकावर चढतो. सुटलेला झेल, अडवलेला चौकार, त्याच्या धाकाने फलंदाजाने न घेतलेली दुसरी धाव यांतले काहीच चढत नाही. गेल्या काही वर्षांत भारतीय क्षेत्ररक्षण सीमारेषेवर बहरले आणि यष्ट्यांजवळ ढिले पडले, असे माझे स्पष्ट मत आहे. हे आपल्या वादांत नीट येत नाही, कारण आपण ज्या नोंदींच्या आधारे भांडतो त्यांतच ते नसते.

सोलकरची कला नेमकी कशात होती, हे ओव्हलवरच्या १९७१ च्या कसोटीत दिसते. इंग्लंडचा यष्टिरक्षक अ‍ॅलन नॉट पहिल्या डावात ९० धावा करून गेला होता. दुसऱ्या डावात तो टिकला असता तर सामना निसटला असता. वेंकटराघवनचा चेंडू त्याने बचावात्मक खेळला, बॅट-पॅडजवळ तो जेमतेम उडाला आणि सोलकरने पुढे सूर मारून जमिनीलगत टिपला. नॉट १ धावेवर बाद, इंग्लंड १०१ वर गारद. चंद्रशेखरचे ३८ धावांत ६ बळी सर्वांना पाठ असतात आणि ते योग्यच आहे. पण त्या जागेवर उभ्या राहणाऱ्याने काय साधले ते पाहा. डोक्यावर हेल्मेट नाही, बॅटपासून दोन-तीन पावलांचे अंतर. गुडघे वाकवून, भार चवड्यांवर ठेवून, नजर बॅटवर खिळवून बसायचे आणि फलंदाजाने बॅट उचलली की मान फिरवायची नाही. मान न फिरवणे हीच निम्मी कला. उरलेली निम्मी हातांच्या मऊपणात आहे: चेंडूवर झडप न घालता तो तळव्यात येऊ द्यायचा आणि त्याच्याबरोबर हात किंचित मागे न्यायचे.

तरीही नुसत्या झेलांच्या आकड्यावर निकाल देणे चूक ठरेल. सोलकरच्या मागे बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन होते. झेलांचा असा पुरवठा प्रत्येक शॉर्ट लेगच्या नशिबी नसतो. त्याच फिरकीच्या जोरावर महाराष्ट्राकडून खेळणाऱ्या यजुर्वेंद्र सिंगने १९७७ मध्ये बंगळूरला इंग्लंडविरुद्ध पदार्पणाच्याच कसोटीत सात झेल घेतले, त्यांतले पाच एका डावात. हे दोन्ही आकडे तेव्हाच्या विश्वविक्रमांची बरोबरी करणारे होते. पुढे त्याला एकूण चारच कसोटी मिळाल्या. अजिंक्य रहाणेने २०१५ मध्ये गॉल कसोटीत आठ झेल घेऊन नवा विक्रम केला. भारत तो सामना ६३ धावांनी हरला आणि विक्रमही पराभवाखाली दडपला गेला. रहाणेची चर्चा आजही मेलबर्नचे शतक आणि घसरलेली सरासरी यांभोवतीच फिरते. स्लिपमधला रहाणे त्या चर्चेत येतच नाही.

सीमारेषेवरचे चित्र मात्र आनंदाचे आहे. जाँटी ऱ्होड्सने १९९२ च्या विश्वचषकात इंझमामला झेप घेऊन धावचीत केले आणि पुढच्याच वर्षी ब्रेबॉर्नवर वेस्ट इंडीजविरुद्ध पाच झेल घेतले. क्षेत्ररक्षणावर सामना फिरतो, हे मुंबईकरांनी तेव्हा याचि डोळा पाहिले. २०२४ च्या ट्वेंटी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सूर्यकुमार यादवने तो धडा पूर्ण केला. शेवटच्या षटकात १६ धावा हव्या असताना मिलरने पहिलाच चेंडू लाँग-ऑफकडे उंच मारला. धावता धावता चेंडू पकडायचा, तोल दोरीपलीकडे जाणार हे ओळखून तो आत उडवायचा, बाहेर जाऊन परत आत यायचे आणि पुन्हा पकडायचा. हे सारे त्याने काही क्षणांत केले. भारत सात धावांनी जिंकला.

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. तोच मुझुमदार तेव्हा भारतीय संघाचा प्रशिक्षक होता. त्या दिवशी अमनज्योत कौरच्या नावावर १२ धावा होत्या आणि बळी एकही नव्हता. पण ५१ धावांची सलामीची जोडी तिच्या थेट फेकीने फुटली, आणि १०१ धावांवर खेळणारी वोल्व्हार्ट तिच्याच झेलाने परतली. हातातून उसळलेला चेंडू तिने जमिनीला टेकू दिला नाही. शेफालीच्या ८७ धावा आणि दीप्तीचे पाच बळी यांच्या पंगतीत अमनज्योतचे नाव बसलेच पाहिजे.

यष्ट्यांजवळ काय चालले आहे ते लीड्सच्या २०२५ च्या कसोटीने दाखवले. भारताने पाच शतके ठोकली आणि तरी सामना पाच गड्यांनी गमावला. पहिल्या डावात शतक करणाऱ्या यशस्वी जयस्वालकडून दोन डावांत मिळून चार झेल सुटले. इतरांच्या हातूनही सुटले. दुसऱ्या डावात ९७ वर जीवदान मिळालेला डकेट १४९ करून गेला. धावफलकात जयस्वालसमोर १०१ दिसतात, सुटलेल्या झेलांचा मागमूसही नाही.

दोष एका तरुणाचा नाही. स्लिपचे काम एकाच जागी वर्षानुवर्षे उभे राहून अंगात मुरते. पहिल्या स्लिपने चेंडूवर नजर ठेवायची, गलीने बॅटच्या कडेवर, आणि दोघांतल्या अंतरावर शेजाऱ्याशी बोलून एकमत करायचे. गावस्कर आणि द्रविड यांनी ही जागा धावांइतक्याच निष्ठेने सांभाळली. आज ट्वेंटी-२० मध्ये पहिली काही षटके संपली की स्लिप उठते. मोठे खेळाडू रणजीत क्वचित दिसतात. शॉर्ट लेगला तर संघातल्या सर्वांत नव्या पोराला उभे करायचा रिवाजच पडला आहे. हेल्मेट हवेच. १९९८ मध्ये ढाक्यात त्याच जागेवर हेल्मेटविना उभ्या असलेल्या रमण लांबाचा चेंडू लागून जीव गेला, हे कोणी विसरू नये. पण हेल्मेट चढवले म्हणून कोणी शॉर्ट लेग होत नाही.

उपाय नोंदीपासून सुरू होतो. बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षकाची चूक अधिकृत तक्त्यात लिहिली जाते. आपणही सुटलेला झेल लिहावा, पण तेवढ्यावर थांबू नये. मंद खेळाडूकडून झेल कमी सुटतात, कारण तो चेंडूपर्यंत पोचतच नाही. म्हणून संधी किती आल्या, त्यांतल्या सोप्या किती, अवघड किती आणि त्या कोणत्या जागेवर आल्या, असा पूर्ण ताळेबंद हवा. २०२३ च्या विश्वचषकात क्षेत्ररक्षण प्रशिक्षक टी. दिलीप यांनी प्रत्येक सामन्यानंतर पदक द्यायला सुरुवात केली. त्याने संघात हुरूप आला, हे निर्विवाद. पण पदक ही दाद झाली, नोंद नव्हे.

ही सुरुवात मोठ्या मंडळांची वाट न पाहता कांगा लीगमध्ये, शालेय स्पर्धांत, जिल्ह्याच्या मैदानांवर होऊ शकते. स्कोअरबुकात एक रकाना वाढवायला पैसा लागत नाही, लक्ष लागते. निवड समित्यांनी तो रकाना वाचावा. आणि आपण प्रेक्षकांनी पुढच्या वेळी सर्वोत्तम अकरा निवडताना सरासरीच्या आधी एक प्रश्न विचारावा: हा खेळाडू उभा कुठे राहणार, आणि तिथे आलेला चेंडू धरणार का?